मधाचं पोळं कुठल्या हातात? ब्रॉन्झिनोचं एक चित्र आणि व्हसारीचं एक वाक्य

कोर्सवर्कच्या प्रेझेंटेशनला मी एक तक्ता दाखवला होता. डावीकडे चित्रातल्या आकृत्या, उजवीकडे त्यांचे अर्थ. व्हीनस म्हणजे सौंदर्य, क्युपिड म्हणजे कामना, म्हातारा म्हणजे काळ, केस उपटणारी बाई म्हणजे मत्सर, मधाचं पोळं घेतलेली मुलगी म्हणजे कपट. असे सगळे रकाने भरलेले. मला वाटलं होतं, काम फत्ते.

मॅडमनी शांतपणे विचारलं, "त्या मुलीने पोळं कुठल्या हातात धरलंय?"

"उजव्या."

"नीट बघ. अंगठा कुठे आहे?"

मी स्क्रीनकडे वळून बघितलं. हात उजवा होता, पण त्याला जोडलेला पंजा डावा होता. आणि दुसऱ्या, डाव्या हाताला उजवा पंजा.

शरमेची गोष्ट अशी की, हे मी वाचलेलं होतं. एर्विन पॅनोफ्स्की या कला-इतिहासकाराने १९३९ साली 'स्टडीज इन आयकॉनॉलॉजी' या पुस्तकात हे लिहून ठेवलंय आणि माझ्या झेरॉक्सवर त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघसुद्धा होती. म्हणजे वाचलं होतं, अधोरेखित केलं होतं, तक्त्यात पॅनोफ्स्कीचं नावही टाकलं होतं. फक्त चित्र बघितलं नव्हतं. आज त्या चित्राबद्दल लिहितोय. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करतायत किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेत, त्यांना कदाचित यातलं काही ओळखीचं वाटेल.

चित्र आहे आन्योलो ब्रॉन्झिनोचं. ब्रॉन्झिनो (१५०३–१५७२) फ्लॉरेन्सचा, पोन्तोर्मोचा शिष्य, ड्यूक कोझिमो दे मेदिचीच्या दरबारचा चित्रकार. फावल्या वेळात विनोदी, चावट कविता लिहायचा, हे ध्यानात ठेवा. चित्र साधारण १५४५च्या सुमाराचं, लाकडी फळीवर तैलरंगात, उंची १४६ सेंटिमीटर आणि रुंदी ११६. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याला 'व्हीनस आणि क्युपिडचं रूपक' असं सावध नाव दिलेलं आहे, कारण मूळ नाव असं काही नाहीच.

मी हे चित्र प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. गॅलरीच्या संकेतस्थळावर ते मोठं करून बघता येतं, तेवढीच माझी ओळख.

मधोमध व्हीनस, पूर्ण नग्न, अंग संगमरवरासारखं गुळगुळीत आणि थंड. एका हातात सोन्याचं सफरचंद, म्हणजे पॅरिसने सर्वात सुंदर देवीला दिलेलं तेच. दुसऱ्या हातात बाण, आणि तो तिचा नाही. तो क्युपिडचा आहे. क्युपिड, तिचा मुलगा, डावीकडे उशीवर गुडघे टेकून तिच्यावर वाकलाय आणि तिच्या ओठांचं चुंबन घेतोय. एक हात तिच्या छातीवर, दुसरा डोक्यामागे. आई आणि मुलगा. चित्र बघताना पोटात काहीतरी हलतं, ते इथे. शरीरांची ठेवणही अशी अशक्य आहे की, कुठल्याही मॉडेलला दोन मिनिटं तसं बसवून दाखवा. क्युपिडची मान एका दिशेला, कंबर दुसऱ्या दिशेला, पार्श्वभाग मागे उंचावलेला. मॅनरिझम म्हणजे काय, असा प्रश्न नेटला आला, तर पाठ केलेल्या व्याख्येऐवजी हा क्युपिड आठवा. शरीररचनेचं ज्ञान पुरेपूर आहे, आणि ते वापरलंय शरीर खरं दिसावं म्हणून नाही, तर ते नजाकतीने वळावं म्हणून. (खाली डाव्या कोपऱ्यात त्याचं पाऊल आहे, कबुतराशेजारी. 'मॉन्टी पायथन' ही जुनी ब्रिटिश विनोदी मालिका कुणी बघितली असेल, तर वरून धप्पकन पडणारा तो प्रचंड पाय हाच.)

उजवीकडे एक गुबगुबीत पोरगं हसत पुढे येतंय, दोन्ही हातांत गुलाबाच्या पाकळ्या, आता उधळणारच. पायात घुंगरांचा वाळा. दुसऱ्या पायात काटा रुतलाय, आणि त्याला पत्ताच नाही. त्याच्या मागे ती मुलगी. चेहरा गोड, केस नीट बांधलेले, अंगात हिरवा झगा. झग्याखालून मात्र खवल्यांचं अंग बाहेर येतं, सिंहाचे पंजे दिसतात, शेपूट दिसते. एका हाताने ती मधाचं पोळं पुढे करते आणि दुसऱ्या हातात त्या शेपटीचं विषारी टोक धरते. आपल्याकडे मधाचं बोट लावणं म्हणतात ना, ते इथे अक्षरशः रंगवलंय, फक्त बोट चुकीच्या हाताचं आहे.

डावीकडे क्युपिडच्या पाठीमागे, सावलीत, एक आकृती दोन्ही हातांनी केस धरून किंचाळतेय. वर उजवीकडे टक्कल पडलेला, पांढऱ्या दाढीचा म्हातारा, खांद्यावर वाळूचं घड्याळ, मागे पंख: हा काळ, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. त्याचा पिळदार हात चित्राच्या वरच्या कडेने आडवा गेलाय आणि निळा पडदा धरतोय. पडद्याच्या दुसऱ्या टोकाला, वर डाव्या कोपऱ्यात, एका बाईचा चेहरा. चेहराच म्हणावं लागतं, कारण त्याला मागचं डोकं नाही. मुखवट्यासारखा पोकळ. खाली व्हीनसच्या पायाशी दोन खरे मुखवटे पडलेत.

आता नावं. ही नावं कुठून आली?

प्रामुख्याने एका वाक्यातून. ज्योर्ज्यो व्हसारीने चित्रकारांच्या चरित्रांची दुसरी आवृत्ती १५६८ साली काढली, तीत ब्रॉन्झिनोबद्दल लिहिताना तो एका फार सुंदर चित्राचा उल्लेख करतो. ते फ्रान्सला, राजा फ्रान्स्वाकडे पाठवलं गेलं. त्यात नग्न व्हीनस, तिचं चुंबन घेणारा क्युपिड, एका बाजूला सुख आणि खेळ आणि आणखी काही बालकामदेव, दुसऱ्या बाजूला कपट, मत्सर आणि प्रेमातले इतर विकार. संपलं. एवढ्यावर शंभरेक वर्षं अभ्यासकांचं घर चाललंय.

हे वाक्य आता संशोधकासारखं वाचू. पहिली गोष्ट, चित्र पाठवलं गेलं एवढंच व्हसारी म्हणतो. कुणी पाठवलं ते नाही. कोझिमोने राजाला राजनैतिक भेट म्हणून पाठवलं हे तुम्ही बहुतेक पुस्तकांत ठाम विधान म्हणून वाचाल. तो तर्क आहे. चांगला तर्क आहे, ब्रॉन्झिनो दरबारचाच माणूस होता, पण तर्कच. मी माझ्या पहिल्या मसुद्यात ते सरळ वस्तुस्थिती म्हणून लिहिलं होतं आणि खाली व्हसारीचा संदर्भ दिला होता. व्हसारीत ते नाहीच. असं होतं कारण आपण व्हसारी उघडत नाही. ज्याने व्हसारी उघडला त्याचं पुस्तक उघडतो, आणि कधीकधी त्यानेही उघडलेला नसतो.

दुसरी गोष्ट, काळ कुठे आहे? चित्रातली सगळ्यात जोरकस आकृती, वरची अख्खी पट्टी अडवून बसलेली, आणि व्हसारी तिचं नावही घेत नाही. उलट त्याचे ते आणखी बालकामदेव चित्रात सापडत नाहीत. पोरगं एकच आहे. फ्रान्स्वा राजा १५४७ साली वारला, म्हणजे चित्र त्याआधी फ्लॉरेन्समधून गेलेलं. व्हसारीचं पुस्तक त्यानंतर एकवीस वर्षांनी. माणूस आठवणीतून लिहितोय, हे उघड दिसतं.

तिसरी गोष्ट, आणि माझं सगळं म्हणणं इथे आहे. व्हसारी नावं देतो, पण बोट दाखवत नाही. कोण मत्सर, कोण कपट, हे त्याने सांगितलेलं नाही. सांगतो फक्त बाजू. सुख आणि खेळ एका बाजूला, कपट आणि मत्सर दुसऱ्या. चित्रात पोरगं उजवीकडे आहे. घुंगरू, गुलाब, हसू बघता खेळ तोच. मग सुखही उजवीकडेच असायला हवं. उजवीकडे त्याच्याशिवाय कोण आहे? काळ सोडला तर एकटी ती मधाच्या पोळ्यावाली मुलगी. आणि कपट हवं डावीकडे, मत्सराच्या बाजूला. डावीकडे केस उपटणारीच्या वर कोण आहे? तो पोकळ, मुखवट्याचा चेहरा.

पॅनोफ्स्की हे मान्य करत नाही. त्याच्या लेखी मुलगी म्हणजे कपट, आणि वरचा पोकळ चेहरा म्हणजे सत्य: काळ आणि सत्य मिळून पडदा बाजूला सारतात आणि विलासाचं खरं रूप उघडं पाडतात. काळ सत्याला उजेडात आणतो ही कल्पना त्या काळात सर्वत्र होती, आणि त्याचं प्रकरणही 'काळा'वरच आहे. पण बघा, सत्याला डोक्याची मागची बाजू नसेल? नंतरच्या अनेक अभ्यासकांना हे पटलं नाही. कुणी त्या चेहऱ्याला विस्मृती म्हटलं, कुणी कपट. नॅशनल गॅलरी स्वतः विस्मृतीकडे झुकते: ती पडदा ओढून सगळं झाकू बघते, काळ तिला अडवतो.

पॅनोफ्स्कीवर टीका करताना माझी जीभ जरा अडखळते, कारण हातांची अदलाबदल त्यानेच इतक्या नेमकेपणाने टिपली. चांगल्या वाटणाऱ्या हाताने ती गोडवा देते, पण तो हात मुळात वाईट हात आहे, हे त्याचंच निरीक्षण. मुलगी म्हणजे कपट, हा त्याचा निष्कर्षही त्या हातांवरूनच आलेला. नजर माझ्यापेक्षा शंभरपट तीक्ष्ण. तरीही मला वाटतं, निष्कर्ष घाईचा आहे.

समजा ती मुलगी कपट आहे. मग चित्र सोपं होतं. गोड चेहरा, खाली खवले, म्हणजे फसवणूक. दिसतं तसं नसतं. बघणाऱ्याने ओळखलं आणि पुढे गेला. पण समजा व्हसारीच्या बाजू बरोबर आहेत आणि ती सुख आहे. कपट नावाची वेगळी कुणी तिच्यात लपलेली नाही. ती सुखच आहे, खरंखुरं, आणि सुखाचं अंग असंच असतं: वर चेहरा, हातात मध, खाली शेपूट. पोरग्याच्या पायात काटा आहे आणि तो हसतोय, त्याचीच ही मोठी बहीण. दोघं एकाच बाजूला, एकामागे एक. मग समोरच्या चुंबनाकडे बघा. व्हीनस मुलाला जवळ घेताना त्याचा बाण काढून घेतेय. तिचं सुख खोटं आहे का? मला तरी तसं दिसत नाही. ते खरं आहे आणि त्याच हाताने ती त्याला निःशस्त्र करतेय. चित्राचा मध्य आणि चित्राची उजवी बाजू तेव्हा एकच गोष्ट सांगू लागतात. मुलीला कपट म्हटलं की ही जोडणी तुटते, आणि ब्रॉन्झिनो एका नीतिपाठाचा चित्रकार होऊन बसतो. चावट कविता लिहिणाऱ्या माणसाला तेवढ्यावर समाधान वाटलं असेल, असं मला वाटत नाही.

आता तुम्ही मला पकडाल, आणि पकडायलाच हवं. वर मीच म्हटलं की व्हसारी आठवणीतून लिहितोय, काळाला विसरतोय, नसलेले बालकामदेव घालतोय. मग बाजूंच्या बाबतीत त्याच्यावर भरवसा का? प्रामाणिक उत्तर: ठेवता येत नाही. व्हसारीच्या वाक्याने माझं म्हणणं सिद्ध होत नाही, फक्त शक्य होतं. उलटतपासणीत माझ्या हाती उरतं ते चित्रच. म्हणून आता मी प्रबंधात क्रम उलटा केलाय. आधी आकृत्यांची जवळीक, उजेड-सावली, कोण कुणामागे, मग व्हसारी. सुतावरून स्वर्ग गाठायचाच असेल तर निदान सूत चित्रातलं असावं.

केस उपटणाऱ्या आकृतीबद्दल थोडक्यात. १९८६ साली जे. एफ. कॉनवे यांनी वॉरबर्ग इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात मांडलं की हा मत्सर नाही, सिफिलिस आहे: गळणारे केस, सुजलेली बोटं, दात पडलेलं तोंड. कल्पना झटक्यात पटते, आणि म्हणूनच मी तिच्याकडे जरा संशयाने बघतो. काळ जुळतो हे खरं. सिफिलिस हे नाव फ्राकास्तोरोच्या १५३०च्या लॅटिन काव्यातून आलं, आणि इटलीत लोक त्याला फ्रेंच रोग म्हणत. आता फ्रान्सच्या राजाला फ्रेंच रोगाचं चित्र पाठवायचं? कुणी म्हणेल अशक्य, कुणी म्हणेल हीच तर गंमत. दोन्ही बाजूंनी तितकंच सहज बोलता येतं, म्हणजे हा मुद्दा पुरावा म्हणून निरुपयोगी. शिवाय लक्षणं मोजत बसलं की चित्र केस-पेपर होतं. मत्सराने माणूस केस उपटतो, हे समजायला डॉक्टर लागत नाही.

आता एक गोष्ट, जी मला अगदी उशिरा कळली आणि जिच्यामुळे रात्रभर झोप आली नाही. विभागाच्या ग्रंथालयात एका जुन्या पुस्तकात या चित्राचा कृष्णधवल फोटो आहे. तो आणि लॅपटॉपवरचं चित्र शेजारी ठेवलं, तर चुंबन वेगळं दिसत होतं. आधी वाटलं छपाई खराब. मग शोधलं. नॅशनल गॅलरीने हे चित्र १८६० साली पॅरिसच्या एका संग्रहातून घेतलं, तेव्हा चार्ल्स ईस्टलेक संचालक होते. व्हिक्टोरियन लंडनमध्ये ते टांगण्याआधी त्यावर थोडा रंग चढवला गेला: व्हीनसची ओठांतून डोकावणारी जीभ आणि क्युपिडच्या बोटांमधलं स्तनाग्र झाकून टाकलं. हा रंग निघाला १९५८च्या साफसफाईत. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं अभ्यासक ज्या चित्राबद्दल लिहीत होते, ते नेमकं हे चित्र नव्हतं. पॅनोफ्स्कीचं पुस्तक १९३९चं. विलासाचं रूप उघडं पाडणारं चित्र, असं त्याने लिहिलं तेव्हा चित्रच अर्धं झाकलेलं होतं. त्याचा युक्तिवाद जिभेवर अवलंबून नाही, हे कबूल. पण झाकलेल्या चुंबनात आई-मुलाची माया असण्याला थोडी तरी जागा उरते. उघड्या चुंबनात ती उरत नाही. मधल्या जोडीचा सूर बदलला की भोवतालच्या आकृत्यांचा सूरही बदलतो.

तेव्हा तुमचा विषय चित्र असो, पोथी असो की शिलालेख, तुम्ही ज्याचा अभ्यास वाचताय त्याने ती वस्तू कुठल्या अवस्थेत पाहिली होती, हे लिटरेचर रिव्ह्यूत साल टाकताना शेजारी लिहून ठेवा. माझ्या फाईलमध्ये आता तसा एक रकाना आहे. तक्त्यांची खोड अशी सहज जात नाही.

आणखी एक. १९९९ साली 'बर्लिंग्टन मॅगझिन'मध्ये कॅरोल प्लाझोटा आणि लॅरी कीथ यांनी या चित्राच्या तांत्रिक तपासणीचे निष्कर्ष छापले. ब्रॉन्झिनोने रंगवता रंगवता रचनेत बदल केले होते. हे वाचलं तेव्हा मला सगळ्यात हलकं वाटलं. कारण नावांच्या तक्त्यामागे एक न बोललेलं गृहीतक असतं: कुणीतरी विद्वानाने आधी यादी करून दिली आणि चित्रकाराने ती भरली. यादी असेलही. पण हात रंगात असताना माणूस जर जागा हलवत होता, तर प्रत्येक आकृतीचं एकच, आधी ठरलेलं, कुलूपबंद नाव शोधणं कितपत शहाणपणाचं?

प्रकरणाचा नवा मसुदा मॅडमना दिला. तक्ता काढून टाकला होता. मुलीला मी आता 'सुख' म्हणतो, पण पहिल्यांदा नाव येतं तिथे अर्धं पान खर्चून का म्हणतो ते सांगतो. त्यांनी समासात एकच प्रश्न लिहिला: काळ पडदा उघडतोय की ओढून घेतोय?

तीन दिवस तो हात बघतोय. मूठ घट्ट आहे, दंड ताणलेला आहे, कापडाच्या घड्या दोन्ही टोकांकडून खेचल्यासारख्या आहेत. त्याची नजर पलीकडच्या त्या पोकळ चेहऱ्यावर आहे, खालच्या चुंबनावर नाही. मी समासात उत्तर लिहिलंय: दोघं ओढतायत, कापड अजून कुणाकडेच गेलेलं नाही. मॅडम सोमवारी बघतील.